फॉरमॅट मारण्याआधी वायरी काढून पाहा

कॉम्प्युटरचे बटण दाबले, पंखा फिरू लागला, कंपनीचे चिन्ह पडद्यावर आले आणि तिथेच थांबले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. कीबोर्डवर कितीही बोटे आपटली तरी काही हलत नाही. आपल्या रोजच्या भाषेत कॉम्प्युटर हँग झाला. मग घरात मते पडू लागतात. एक म्हणतो मदरबोर्ड गेला, दुसरा म्हणतो व्हायरस आला. घरातल्या एखाद्या आजी 'नजर लागली' म्हणाल्याचेही आम्ही ऐकले आहे. आणि संध्याकाळी डबा उचलून दुकानात नेला, की तिथे आणखी एक मत मिळते, 'फॉरमॅट मारावा लागेल.'

आमचे म्हणणे एवढेच आहे, की या सगळ्या मतांच्या आधी एक काम घरीच करून पाहावे. त्याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही आणि स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. कॉम्प्युटरला मागून-पुढून जे जे जोडले आहे ते सगळे काढावे आणि मग तो सुरू करून बघावा. सुरू होताना अडकणाऱ्या कॉम्प्युटरचा दोष कित्येकदा त्याच्या आत नसतोच, तो एखाद्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला असतो.

आजच्या घरात कॉम्प्युटरला काय काय लटकलेले असते, हे एकदा डब्याच्या मागे वाकून बघण्यासारखे आहे. प्रिंटर तर असतोच, बहुतेक वेळा स्कॅनर आणि झेरॉक्ससह. मुलांच्या ऑनलाइन वर्गासाठी घेतलेला वेबकॅम, फोटो साठवायची बाहेरची हार्ड डिस्क, ब्लूटूथचे बोटाच्या पेराएवढे डोंगल, यूपीएसची डेटा वायर. घरून अर्ज भरून देण्याचे काम करणाऱ्यांकडे अंगठ्याचा ठसा घेण्याचे यंत्र असते. निकाहच्या पत्रिका छापून देणाऱ्यांकडे उर्दू टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे कुलूप, म्हणजे तेही एक डोंगल. शिवाय कोणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो आणि तो कॉम्प्युटरला 'जोडलेला' आहे, हे कोणाच्या ध्यानातही नसते.

१९९६ सालच्या जानेवारीत यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. त्याआधी प्रिंटरचे भोक वेगळे, कीबोर्डचे वेगळे, माऊसचे वेगळे अशी तऱ्हा होती. कुठलीही वस्तू कुठल्याही भोकात घालता येऊ लागली ही मोठी सोय झाली. पण सोयीबरोबर हेही आले, की ओळखीची-अनोळखी पंचवीस कंपन्यांची यंत्रे एकाच दारातून आत येऊ लागली आणि सर्वांशी बोलण्याची जबाबदारी कॉम्प्युटरवर पडली. खुद्द बिल गेट्स यांचीही यातून सुटका झालेली नाही. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या एका मोठ्या प्रदर्शनात ते विंडोज ९८ दाखवत होते. वस्तू जोडा आणि लगेच वापरा, हे सिद्ध करण्यासाठी त्यांचे सहकारी क्रिस कॅपोसेला यांनी भर सभेत एक स्कॅनर कॉम्प्युटरला जोडला आणि मोठ्या पडद्यावर निळी पाटी झळकली. कॉम्प्युटर बंद! सभागृहात हशा आणि टाळ्या. म्हणूनच हे अजून बाजारात आणलेले नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलून गेट्स यांनी वेळ निभावून नेली. तेव्हा आपल्या घरी प्रिंटरमुळे कॉम्प्युटर अडकला तर त्यात शरमण्यासारखे काही नाही.

कॉम्प्युटर नेमका कुठे अडकला, हे आधी पाहायला हवे, कारण त्यावरून निम्मे निदान होते.

बटण दाबल्याबरोबर विंडोज जागे होत नाही. त्याआधी मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये लिहून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम चालतो. त्याला बायोस म्हणतात. नव्या मशीनमध्ये त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, पण दुकानात दोघांनाही बायोसच म्हणतात, आपणही तेच म्हणू. हा बायोस म्हणजे दावतीतला जुन्या वळणाचा यजमान. सगळे पाहुणे दस्तरखानावर बसल्याशिवाय तो वाढायला सुरुवात करत नाही. रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क कोणकोणत्या आहेत, यूएसबीवर कोण कोण बसले आहे, अशी हजेरी तो घेतो. एखाद्या पाहुण्याने धड 'हो'ही म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही, तर काही यजमान त्याला सोडून पुढे जातात, काही मात्र हातात वाडगा घेऊन तसेच उभे राहतात. कंपनीच्या चिन्हावर अडकलेला कॉम्प्युटर तो हाच. इथवर विंडोजचा संबंध आलेलाच नसतो. त्यामुळे या टप्प्यावर अडकलेल्या मशीनला कोणी एकदम 'फॉरमॅट मारू' म्हणाला, तर त्याने नीट पाहिलेले नाही, असे बेलाशक समजावे.

हजेरी झाली की बायोस विचारतो, विंडोज कोणत्या डिस्कवर आहे? यासाठी त्याच्याकडे एक क्रमवारी असते. त्या क्रमवारीत यूएसबी पहिले असेल आणि कोणी पेनड्राइव्ह लावून विसरले असेल, तर बायोस आधी पेनड्राइव्हकडे जातो. तिथे विंडोज नसते. नशीब चांगले असेल तर 'ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही' असा इंग्रजी निरोप येतो. नसेल तर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत बसते.

भिवंडीतल्या एका ओळखीच्या घरची हकीकत याच जातीची आहे. थोरली मुलगी बी.कॉम.ला. मोहल्ल्यातल्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे अर्ज ती घरून भरून देते, त्यातून तिचा स्वतःचा खर्च निघतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरलेले, सात-आठ मुलांची कागदपत्रे स्कॅन करून ठेवलेली आणि सकाळी कॉम्प्युटर चिन्हावर अडकला. भावाने डबा दुकानात नेला. दुकानातल्या मुलाने पाच मिनिटांत सांगितले, डिस्क फॉरमॅट करावी लागेल, नाही चालले तर मदरबोर्ड बदलू, दोन दिवसांनी या. भाऊ ठेवून यायला तयार होता. घरून अम्मींचा फोन गेला की डबा परत आण. कारण अर्जांचे नव्हते. त्या डिस्कवर थोरल्या बहिणीच्या निकाहचे, मेहंदीच्या रात्रीचे, घरातल्या सगळ्या बायकांचे फोटो होते. ते परक्याच्या टेबलावर दोन दिवस राहावेत, हे त्यांना मंजूर नव्हते. आणि इंतकाल झालेल्या दादाजानचे जे मोजके फोटो होते, त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

डबा परत आला. मुलीने फक्त पडदा आणि कीबोर्ड जोडून बटण दाबले, तर विंडोज सुरळीत सुरू! मग एकेक वस्तू जोडत गेली. माऊस ठीक, वेबकॅम ठीक, प्रिंटर लावला आणि पुन्हा चिन्हावर गाडी थांबली. प्रिंटर चार वर्षांचा, इतके दिवस चालत होता, मग आजच काय झाले? त्या प्रिंटरच्या पोटाला कॅमेऱ्याचे कार्ड घालायची एक फट होती. आदल्या रात्री भाचीने फोटो बघायला म्हणून कॅमेऱ्याचे कार्ड त्यात घातले होते आणि ते तिथेच राहिले होते. बायोसला प्रिंटर दिसत नव्हता, त्याला एक नवी 'डिस्क' दिसत होती, आणि तिच्यावर विंडोज शोधत तो बसला होता. कार्ड काढले. अर्ज त्याच दिवशी गेले.

प्रिंटरमधली ही कार्डाची फट बऱ्याच जणांना माहीत नसते. जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूलाही अशा फटी असतात. लॅपटॉपला डाव्या-उजव्या कडेला एक असते. चाचणी करताना तिथे नखाने चाचपून पाहावे.

दुसरे मोठे कारण म्हणजे वीज. यूएसबीच्या भोकातून पाच व्होल्टची वीज मिळते, पण ती अमर्याद नसते. जुन्या यूएसबी २.० भोकातून ५०० मिलिअँपिअर, आतून बहुधा निळ्या असलेल्या यूएसबी ३.० भोकातून ९०० मिलिअँपिअर, असे मानकाचे हिशेब आहेत. बाहेरची हार्ड डिस्क सुरुवातीला फिरू लागताना नेहमीपेक्षा जास्त वीज ओढते. तीच डिस्क, वेबकॅम आणि मोबाइल असे तिघे एका स्वस्त चार-तोंडी हबवर बसवले आणि हबला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसला, तर एका भाकरीत चौघे जेवायला बसल्यासारखे होते. डिस्क अर्धवट फिरते, टक-टक आवाज करते, बायोसला उत्तर देत नाही. अशी डिस्क हबवरून काढून थेट डब्याच्या मागच्या भोकात लावावी. पुढची भोके आतल्या लांब वायरीने जोडलेली असतात, मागची थेट मदरबोर्डवर असतात. त्यामुळे जास्त वीज ओढणाऱ्या वस्तूंना मागची जागा बरी.

पुढच्या भोकांची आणखी एक गंमत आहे, खरे तर गंमत नाही. लहान मुले त्यात काहीही घालतात. पेनड्राइव्ह उलटा दाबून आतली पट्टी वाकवलेली असते. आतल्या दोन पिना एकमेकींना टेकल्या की काही मदरबोर्ड पडद्यावर 'यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट' असा इशारा देतात आणि पंधरा सेकंदांत बंद होतात. सगळ्या वायरी काढूनही हा इशारा येत असेल, तर भोकात टॉर्च मारून पाहावे. आत काही वाकलेले दिसले तर स्वतः सुईने सरळ करायला जाऊ नये. ते काम दुकानदाराचे आहे आणि ते किरकोळ आहे.

कीबोर्ड तर आपण संशयितांच्या यादीत धरतच नाही. पण त्यावर वही ठेवलेली असेल आणि एखादे बटण दाबलेलेच राहिले, किंवा चहा सांडून एक बटण चिकटले, तर काही मशीन सुरुवातीलाच थांबतात. जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रसिद्ध निरोप येत असे, 'कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.' कीबोर्डच नाही तर दाबायचे कशावर, हा प्रश्न तो निरोप लिहिणाऱ्याला पडला नसावा.

आता चाचणी कशी करायची ते सांगतो. आधी मोबाइलवर डब्याच्या मागच्या बाजूचा एक फोटो काढून ठेवावा, म्हणजे कोणती वायर कुठे होती हे नंतर आठवत बसावे लागत नाही. कॉम्प्युटर बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करावे. मग सगळ्या वायरी काढाव्यात, विजेचीसुद्धा. डब्याचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साचलेली उरलीसुरली वीज निघून जाते. काही वेळा एवढ्यानेच काम होते. त्यानंतर फक्त वीज, पडदा आणि कीबोर्ड जोडून सुरू करावे. लॅपटॉप असेल तर फक्त चार्जर, बाकी काही नाही, टीव्हीला जाणारी एचडीएमआय वायरही नाही.

सुरू झाला तर शुक्र अल्लाहचा, पण लगेच सगळे एकदम जोडू नये. एक वस्तू जोडावी, बंद करून पुन्हा सुरू करावे, मग दुसरी. कंटाळवाणे आहे, अर्धा तास जातो, पण घाईत दोन वस्तू एकदम लावल्या की कोणी अडवले ते कळत नाही. गुन्हेगार सापडला तरी लगेच ती वस्तू फेकायची नसते. आधी तिचे भोक बदलून पाहावे, मग वायर बदलून पाहावी. प्रिंटरची वायर सगळीकडे सारखीच असते, शेजाऱ्यांची अर्ध्या तासासाठी मागून आणता येते. वायर, भोक दोन्ही बदलूनही तीच वस्तू अडवत असेल, तर दोष वस्तूत आहे. आणि प्रिंटरच्या बाबतीत एक साधी सवय पुरते. प्रिंटरचे बटण बंद ठेवून आधी कॉम्प्युटर सुरू करायचा आणि विंडोज पूर्ण आले की मग प्रिंटर लावायचा. ही तात्पुरती सोय आहे खरी, पण अशा सोयीवर वर्षानुवर्षे चाललेली घरे आम्ही पाहिली आहेत.

हे झाले चिन्हावर अडकणाऱ्याचे. चिन्ह ओलांडून विंडोजचे ठिपके गोल गोल फिरत राहिले आणि पुढे काही होईना, तर प्रकरण थोडे वेगळे. इथे अनेकदा ड्रायव्हर अडतो, म्हणजे त्या वस्तूशी बोलण्यासाठी विंडोजमध्ये बसवलेला दुभाषी प्रोग्रॅम. मात्र आधी पडद्यावर अपडेट चालू असल्याचा निरोप नाही ना, आणि डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकत नाही ना, हे पाहावे. दिवा लुकलुकत असेल तर मशीन काम करत आहे, अशा वेळी सब्र करावा. जुन्या डिस्कवर अपडेटला तास-दीड तासही लागतो आणि मध्येच बटण दाबून बंद केले तर नसलेला बिघाड तयार होतो.

वायरी काढूनही ठिपके फिरतच राहिले, तर सेफ मोड वापरावा. सुरू होण्यात लागोपाठ दोन-तीन वेळा अडथळा आला, की विंडोज १० आणि ११ आपणहून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतात. त्यातून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन रीस्टार्ट केले आणि चार आकडा दाबला, की विंडोज अगदी गरजेपुरत्या दुभाष्यांसह सुरू होते. तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन, ज्या वस्तूवर संशय आहे तिचा ड्रायव्हर काढून टाकावा. नंतर नेहमीसारखे सुरू करून कंपनीच्या साइटवरचा ताजा ड्रायव्हर घालावा. प्रिंटरबरोबर आलेल्या जुन्या सीडीवरचा नको.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती भल्याभल्यांना माहीत नसते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणे राहिलेले नाही. फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीमुळे विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उठते. रात्री एखादा ड्रायव्हर बिनसलेला असेल तर सकाळीही तो तसाच बिनसलेला उठतो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून बंद करून चालू केल्यावर अडतो पण रीस्टार्टला चालतो, असे ज्यांचे होते, त्यांनी कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकावी. सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागतो, त्याने काही बिघडत नाही.

बायोसमधल्या क्रमवारीत आपली आतली डिस्क पहिली करून ठेवणे हाही चांगला उपाय आहे. सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून तिथे जाता येते, कंपनीप्रमाणे बटण बदलते. पण नव्या लॅपटॉपवर हे करण्याआधी थांबावे. अशा अनेक मशीनची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि बायोसमध्ये फेरफार केला तर ते ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. ती मोबाइलवर उघडून, कागदावर उतरवून घेतल्याशिवाय आत हात घालू नये. खाते मुलाच्या नावाचे, मुलगा दुबईला आणि पासवर्ड कोणालाच माहीत नाही, अशी घरे कमी नाहीत.

डेस्कटॉप दिसल्यानंतर अडकणे हा तिसरा प्रकार. त्यात फारसे काही नाही. प्रिंटरबरोबर आलेले नको ते प्रोग्रॅम सुरुवातीलाच धावू लागतात, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात जाऊन ते बंद करावेत.

आणि सगळे काढूनही, फक्त पडदा आणि कीबोर्ड असताना मशीन चिन्हावरच थांबले, तर दोष आत आहे, रॅमचा, डिस्कचा किंवा खरेच मदरबोर्डचा. मग दुकानाला पर्याय नाही. पण तिथेही रिकाम्या हाताने जाऊ नये, निदान घेऊन जावे. 'बाहेरचे सर्व काढून पाहिले, तरी चिन्हावर थांबतो' हे एक वाक्य कागदावर लिहून डब्याला चिकटवले, की दुकानदारही वेगळ्या नजरेने बघतो.

फोटोंची काळजी असेल तर डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क दुकानात आपल्यासमोरच काढून मागावी. दोन वायरी आणि थोडे स्क्रू असतात, फार वेळ लागत नाही. चिन्हावर अडकणाऱ्या मशीनची तपासणी डिस्कशिवाय करता येते. पासवर्डही सांगावा लागत नाही. उलट ती एक चाचणीच होते. डिस्क काढल्यावर मशीन पुढे सरकून 'डिस्क सापडत नाही' म्हणू लागले, तर दोष डिस्कमध्ये किंवा तिच्या वायरीत आहे. अशा वेळी दुरुस्तीपेक्षा आधी तिच्यावरचे उतरवून घेण्याची मागणी करावी आणि ते होईपर्यंत तिथेच थांबावे. दुकानात दिलेली डिस्क अमानत असते आणि बहुतेक कारागीर ती तशीच जपतात, पण आपल्या घरच्या मुलीबाळींच्या फोटोंची राखण आपणच केलेली बरी. दुरुस्तीत मदरबोर्ड किंवा रॅम बदललीच, तर जुना भाग परत मागून घ्यावा आणि पावतीवर नव्याचा नंबर लिहून घ्यावा.